साडेसहाशे खासदारांत एकट्या: कॅरोलाइन लुकास यांची चौदा वर्षं

१९८९ च्या जूनमध्ये ब्रिटनमध्ये युरोपीय संसदेची निवडणूक झाली. तोवर फारसं कुणी मनावर न घेतलेल्या ग्रीन पार्टीला जवळपास १५ टक्के मतं पडली, म्हणजे वीस लाखांहून जास्त. जागा मात्र एकही मिळाली नाही. त्याच्या सहा वर्षं आधी पश्चिम जर्मनीतल्या ग्रीन पक्षाला ५.६ टक्के मतं मिळाली होती, आणि तेवढ्यावर त्यांचे पंचवीसहून जास्त खासदार थेट राष्ट्रीय संसदेत जाऊन बसले होते.

या दोन निकालांतला फरक लक्षात घेतला नाही तर कॅरोलाइन लुकास यांची कारकीर्द एक तर फार मोठी वाटते किंवा अगदीच किरकोळ. २०१० ते २०२४ ही चौदा वर्षं त्या ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, हाउस ऑफ कॉमन्समध्ये होत्या. तिथे ६५० खासदार असतात आणि त्या सगळ्या काळात ग्रीन पार्टीचा खासदार एकच होता: त्या. अशा एकट्या खासदाराला पर्यावरणासाठी नेमकं काय करता येतं आणि काय करता येत नाही, हे पाहायचं तर त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. आपली लोकसभा बरीचशी त्याच नियमांच्या घडणीतून आलेली असल्यामुळे आपल्याला ते समजायलाही सोपं जातं.

आधी मतांचं गणित. ब्रिटनमध्ये लोकसभेसारखीच पद्धत आहे. मतदारसंघात ज्याला इतरांपेक्षा एक मत जास्त, तो निवडून येतो. बाकीच्यांची मतं कुठेच मोजली जात नाहीत. या पद्धतीत पक्षाला देशभर किती मतं पडली याला जवळजवळ अर्थ नसतो, ती कुठे पडली याला असतो. स्कॉटलंडपुरत्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला २०१५ मध्ये साधारण साडेचौदा लाख मतांवर ५६ जागा मिळाल्या. त्याच निवडणुकीत ग्रीन पक्षाला साडेअकरा लाखांच्या आसपास मतं होती आणि जागा एक. युकिप या उजव्या पक्षाला तर ३८ लाखांहून जास्त मतं होती, जागा तीही एकच. पर्यावरणाची काळजी करणारा मतदार हा असा गावोगाव थोडा थोडा विखुरलेला असतो. त्याची एक पेठ नसते, एक जात नसते, एक खोरं नसतं. जर्मनीत मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या जातात, म्हणून तिथले ग्रीन १९९८ मध्ये सरकारमध्येही सामील झाले. ब्रिटनमध्ये तेव्हा त्यांचा एकही खासदार नव्हता.

ब्रसेल्सची अकरा वर्षं

लुकास यांचा जन्म १९६० चा, इंग्लंडमधल्या माल्व्हर्न गावचा. शिक्षण इंग्रजी साहित्याचं, डॉक्टरेटही त्यातलीच. ऐंशीच्या दशकात ग्रीनहॅम कॉमन इथल्या अमेरिकी अण्वस्त्रतळाविरुद्ध बायकांनी जे आंदोलन चालवलं, त्यात त्यांचा सहभाग होता. १९८६ मध्ये त्या ग्रीन पार्टीत आल्या, पुढे दहाएक वर्षं ऑक्सफॅम या संस्थेत नोकरी केली आणि मधल्या काळात ऑक्सफर्डशायरच्या काउंटी कौन्सिलवर, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेवर, निवडून गेल्या.

१९९९ मध्ये ब्रिटनने युरोपीय संसदेपुरती निवडणुकीची पद्धत बदलली आणि प्रमाणशीर जागावाटप आणलं. दहा वर्षांपूर्वी १५ टक्के मतांवर शून्य मिळवणाऱ्या पक्षाला या वेळी त्याहून बऱ्याच कमी मतांत दोन जागा मिळाल्या. त्यातली एक आग्नेय इंग्लंडची, लुकास यांची. मतदार तेच होते, देश तोच होता, फक्त मोजणीची रीत बदलली होती.

ब्रसेल्समधलं त्यांचं काम ब्रिटनमध्येही फारसं कुणाला माहीत नसतं, कारण युरोपीय संसदेच्या बातम्या तिथेही कुणी वाचत नसे. माझ्या मते कायद्यावर सर्वांत ठळक ठसा त्यांनी तिथेच उमटवला. युरोपीय संसदेत प्रत्येक प्रस्तावासाठी एका सदस्याला जबाबदार नेमतात. त्या सदस्याने मसुद्यावर काम करायचं, दुरुस्त्या सुचवायच्या, इतर पक्षांशी बोलून बहुमत जमवायचं. ही नेमणूक छोट्या पक्षांच्याही वाट्याला येते. बेकायदा तोडलेलं लाकूड युरोपच्या बाजारात येऊ नये यासाठीच्या प्रस्तावावर ही जबाबदारी लुकास यांच्याकडे आली. मूळ प्रस्ताव बराच सौम्य होता. त्यांनी तो कडक करण्याचा अहवाल तयार केला आणि २००९ मध्ये संसदेने तो स्वीकारला. पुढच्या वर्षी नियम मंजूर झाला आणि २०१३ पासून लागू झाला. तो मंजूर होईपर्यंत लुकास ब्रसेल्स सोडून लंडनला आल्या होत्या आणि शेवटचा टप्पा दुसऱ्याच ग्रीन सदस्याने पार पाडला. त्याआधी, २००६ मध्ये, विमानांच्या धुरामुळे हवामानावर होणाऱ्या परिणामाबद्दलचा संसदेचा अहवालही त्यांनीच मांडला होता.

मग एवढं चाललेलं सोडून कॉमन्समध्ये कशाला जायचं? वीज कशापासून बनवायची, रेल्वेला किती पैसे द्यायचे, घरं कशी बांधायची, कर कुणावर लावायचा, हे निर्णय शेवटी राष्ट्रीय सरकार घेतं. शिवाय ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या लेखी ज्याचा वेस्टमिन्स्टरमध्ये खासदार नाही तो पक्षच नव्हे.

३१ टक्क्यांचा विजय

ब्रायटन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर. विद्यार्थी, कलावंत, समलिंगी समाज, लंडनला रोज ये-जा करणारे नोकरदार अशी तिथली वस्ती. ब्रायटन पॅव्हिलियन मतदारसंघात २००५ मध्ये ग्रीन उमेदवार कीथ टेलर यांना २२ टक्के मतं मिळाली होती. पक्षाने ओळखलं की देशभर पातळ पसरण्यापेक्षा इथे सगळा जोर लावला तर एक जागा निघेल. २००७ मध्ये पक्षांतर्गत मतदानात टेलर यांना मागे टाकून लुकास इथल्या उमेदवार झाल्या.

त्याच सुमारास पक्षाने आणखी एक गोष्ट बदलली. ग्रीन पार्टीला तोवर नेताच नव्हता. नेता म्हटला की व्यक्तिपूजा आली, म्हणून त्यांच्याकडे फक्त दोन प्रमुख प्रवक्ते असत. तत्त्व म्हणून छान, पण टीव्हीवाल्यांना कुणाला बोलवायचं ते कळत नसे. सदस्यांच्या मतदानाने नेतेपद निर्माण झालं आणि २००८ मध्ये लुकास पहिल्या नेत्या झाल्या.

६ मे २०१० च्या निवडणुकीत त्यांना १६,२३८ मतं मिळाली. मजूर पक्षाच्या उमेदवारापेक्षा १,२५२ जास्त. टक्केवारी काढली तर ३१.३. म्हणजे मतदान करणाऱ्या दर दहांपैकी जवळजवळ सात जणांनी दुसऱ्या कुणाला मत दिलं होतं. ज्या पद्धतीने ग्रीन पक्षाला चाळीसेक वर्षं बाहेर ठेवलं, तिनेच लुकास यांना ३१ टक्क्यांवर आत घेतलं. देशभरात पक्षाची मतं त्या वर्षी एक टक्क्याच्या आसपासच होती. पुढे मात्र मताधिक्य वाढतच गेलं: २०१५ मध्ये ७,९६७, २०१७ मध्ये १४,६८९ आणि २०१९ मध्ये १९,९४०. शेवटच्या दोन खेपांना तिथे लिबरल डेमोक्रॅट्सनी उमेदवार दिला नाही, ही मदत होती. पण एवढं मताधिक्य केवळ तेवढ्याने होत नाही.

आत गेल्यावर

आता मुख्य प्रश्न. एकटा खासदार करतो काय?

पक्षाचा व्हिप म्हणजे खासदारांवर बडगा उगारणारा माणूस, एवढंच आपण धरून चालतो. पण व्हिप आणखी एक काम करतो: आज कोणत्या दुरुस्तीवर मतदान आहे, त्यात आपल्या पक्षाची भूमिका काय, हे तो कळवतो. मोठ्या पक्षाच्या कित्येक खासदारांना आपण कशावर मत देतोय हे नीट ठाऊकही नसतं. पक्षाचे लोक ज्या दाराने जातात त्या दाराने तेही जातात. लुकास यांना असं सांगणारं कुणी नव्हतं. मच्छीमारीपासून पेन्शनपर्यंत प्रत्येक विधेयक, प्रत्येक दुरुस्ती स्वतः किंवा कार्यालयातल्या दोन-चार माणसांकडून वाचून ठरवायची. विरोधी पक्षांना संसदेच्या कामासाठी सरकारी निधी मिळतो. एक जागा आणि दीड लाख मतं ही त्याची किमान अट ग्रीन पक्ष पूर्ण करत होता, त्यामुळे थोडी माणसं ठेवता आली.

मतदानही बटण दाबून होत नाही. घंटा वाजते, खासदार धावत येतात, ‘होय’ आणि ‘नाही’ अशा दोन वेगवेगळ्या दालनांतून रांगेने जातात आणि डोकी मोजली जातात. एका मतदानाला पंधराएक मिनिटं. लागोपाठ चार-पाच मतदानं आली की तासभर जातो. लुकास यांनी निवडून आल्यावर काही महिन्यांतच संसदेच्या सुधारणांवर एक अहवाल काढला आणि त्यात इलेक्ट्रॉनिक मतदानाची मागणी केली. फरक काहीच पडला नाही. कोविडमध्ये २०२० साली काही आठवडे खासदारांनी घरून मतदान केलं, ते सुरळीत झालं, आणि मग पुन्हा रांगा सुरू झाल्या. परंपरेच्या बाबतीत ते लोक आपल्याला हार जाणारे नाहीत.

विधेयकाची कलमवार छाननी समितीत होते आणि समितीतल्या जागा पक्षाच्या ताकदीप्रमाणे वाटल्या जातात. एकट्या खासदाराला तिथे सहसा जागा मिळत नाही. ज्या टेबलावर खरं काम होतं तिथे खुर्चीच नाही, अशी गत. ब्रसेल्समध्ये जी लाकडाचा कायदा घडवत होती, तीच व्यक्ती लंडनमध्ये त्या खोलीच्या बाहेर होती.

मग खासगी विधेयक. खासदाराने स्वतःच्या नावावर आणलेलं विधेयक. यासाठी काही शुक्रवार राखून ठेवलेले असतात, वर्षाला साधारण तेरा. चिठ्ठ्या टाकून वीस खासदारांची नावं काढतात, त्यातल्या पहिल्या काहींनाच चर्चेला वेळ मिळण्याची खरी आशा. बाकी कुणीही विधेयक सादर करू शकतो, पण ते रांगेच्या शेपटाला. शुक्रवारी अडीच वाजता काम बंद होतं. विधेयक नको असेल तर त्याच्याविरुद्ध मत देण्याची गरजच नाही. अडीचपर्यंत बोलत राहिलं की पुरे. चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर प्रस्तावाच्या बाजूने किमान शंभर खासदार हजर लागतात आणि शुक्रवारी निम्मी मंडळी आपापल्या मतदारसंघात पोचलेली असतात.

लुकास यांनी या वाटेने बरंच काही आणलं. रेल्वे पुन्हा सार्वजनिक मालकीत आणणं, जमिनीच्या किमतीवर कर, सरकारी आरोग्यसेवेतलं खासगीकरण मागे घेणं. आरोग्यसेवेचं विधेयक मार्च २०१६ मध्ये चर्चेला आलं खरं, पण त्याआधीच्या विधेयकावर सत्ताधारी बाजूच्या सदस्यांनी इतकी लांबलचक भाषणं केली की लुकास यांच्या वाट्याला काही मिनिटंच उरली. हवामान आणि परिसंस्था आणीबाणीचं विधेयक त्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये मांडलं. तेही मंजूर झालं नाही. पण ते सभागृहाबाहेर फिरत राहिलं, वेगवेगळ्या पक्षांचे खासदार त्याला पाठिंबा देत गेले. लुकास निवृत्त झाल्यावर जानेवारी २०२५ मध्ये लिबरल डेमोक्रॅट खासदार रॉझ सॅव्हेज यांनी त्याचाच पुढचा अवतार सभागृहात आणला. सरकारच्या दबावाखाली ती चर्चा पुढे ढकलली गेली.

हे सगळं निष्फळ आहे का? ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशीची शिक्षा १९६५ मध्ये रद्द झाली आणि गर्भपाताचा कायदा १९६७ मध्ये आला, तो खासगी विधेयकांतूनच. मात्र तेव्हा सरकारने मुद्दाम वेळ दिला होता. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर चौदाच खासगी विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. पण कोकणातल्या वाचकांना इथे बॅरिस्टर नाथ पै आठवल्याशिवाय राहणार नाहीत. राजापूरचे खासदार, पक्ष प्रजासमाजवादी, म्हणजे संख्येने लहानच. मूलभूत हक्कांना हात लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात दिला. संसदेचा हा अधिकार परत मिळावा म्हणून नाथ पैंनी खासगी विधेयक आणलं. त्यावर देशभर वाद झाला, संयुक्त समिती बसली, विधेयक काही मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षी सरकारने २४ व्या घटनादुरुस्तीने तेच केलं. ती दुरुस्ती योग्य होती की नाही हा वेगळा वाद. एकट्या खासदाराचं विधेयक मेलं तरी त्यातला विषय जगू शकतो, एवढं त्यातून दिसतं. लुकास यांची रेल्वेची मागणी घ्या: २०१३ मध्ये मजूर पक्षाचं नेतृत्वही त्याला हात लावायला कचरत होतं. २०२४ मध्ये मजूर सरकार आल्यावर प्रवासी गाड्या सरकारी मालकीत परत आणण्याचा कायदा झाला. श्रेय एकट्या लुकास यांचं मुळीच नाही, कामगार संघटना आणि उशिरा धावणाऱ्या गाड्यांचे वैतागलेले प्रवासी यांचं जास्त आहे. पण सभागृहात कुणीतरी तो मुद्दा सतत मांडत होतं.

उरलेली हत्यारं लहान, पण रोजच्या वापरातली. लेखी प्रश्न विचारला की मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. प्रत्येक खात्याचा पर्यावरणाबाबतचा कारभार तपासणारी एक सर्वपक्षीय समिती आहे. लुकास त्यावर बरीच वर्षं होत्या. मंत्री आणि अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारायचे, पुरावे घ्यायचे, अहवाल लिहायचा. या समितीला कायदा करता येत नाही. पण तिच्या अहवालांतले आकडे आणि कबुल्या पत्रकार, वकील, आंदोलक सगळेच वापरतात. आणि विशेषाधिकार: सभागृहात बोललेल्या शब्दांवर कोर्टात खेचता येत नाही. लुकास यांनी याचा उपयोग पहिल्याच भाषणात केला. आयव्हरी कोस्टमध्ये नेऊन टाकलेल्या घातक कचऱ्याच्या प्रकरणात ट्राफिग्युरा या कंपनीबद्दलच्या बातम्यांवर ब्रिटनमध्ये आधीच्या वर्षी कोर्टाची बंधनं आली होती. त्यांनी तो विषय नाव घेऊन मांडला. पहिलं भाषण म्हणजे मतदारसंघाचं कौतुक आणि आधीच्या खासदाराची स्तुती, असा तिथला रिवाज. हे तेवढ्यावर थांबलं नाही.

सभागृहाबाहेर

१९ ऑगस्ट २०१३. वेस्ट ससेक्समधल्या बाल्कम गावाजवळ क्वाड्रिला ही कंपनी तेलासाठी विहीर खोदत होती आणि पुढे इथे फ्रॅकिंग होईल, म्हणजे पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने सोडून खडक फोडला जाईल, अशी गावकऱ्यांना भीती होती. रस्त्यावर बसलेल्या आंदोलकांबरोबर लुकास यांनाही पोलिसांनी उचललं. आपल्याकडे खासदाराला सकाळी अटक आणि संध्याकाळी सुटका, मधल्या वेळात फोटो, हे नेहमीचंच. तिथे पदावर असलेल्या खासदारावर रस्ता अडवल्याचा खटला चालणं दुर्मीळ. एप्रिल २०१४ मध्ये ब्रायटनच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. फ्रॅकिंगवर सरकारने २०१९ मध्ये स्थगिती आणली. २०२२ मध्ये लिझ ट्रस यांनी ती उठवली; त्यावरच्या मतदानात सभागृहात अभूतपूर्व गोंधळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. पुढच्या पंतप्रधानांनी स्थगिती परत आणली.

त्याच २०१३ मध्ये दुसरा प्रसंग. वर्तमानपत्रातल्या अर्धनग्न स्त्रियांच्या छायाचित्रांविरुद्धच्या चर्चेत त्या घोषणा छापलेला टी-शर्ट घालून बोलायला उभ्या राहिल्या. अध्यक्षस्थानी असलेल्या सदस्याने पोशाखाच्या नियमावर बोट ठेवून जॅकेट घालायला सांगितलं. त्यांनी घातलं. पण आपला टी-शर्ट सभ्यतेत बसत नाही आणि तसली छायाचित्रं छापणारं वर्तमानपत्र मात्र याच इमारतीत आठ ठिकाणी विकत मिळतं, एवढं बोलून घेतलं.

तिसरा प्रसंग सर्वांत अवघड, आणि मला सर्वांत जास्त सांगून जाणारा. २०११ मध्ये ब्रायटनच्या नगरपालिकेत ग्रीन पक्ष सत्तेवर आला, बहुमताशिवाय. देशात पहिल्यांदाच. दोन वर्षांत सफाई कामगारांच्या भत्त्यांवरून भांडण पेटलं. स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांच्या वेतनातली तफावत काढण्यासाठी फेररचना करताना काही कामगारांचं उत्पन्न घटत होतं. संप झाला, रस्त्यांवर कचरा साठला. पर्यावरणवाद्यांच्या राज्यात कचऱ्याचे ढीग, म्हणजे वर्तमानपत्रांना मेजवानीच. लुकास स्वतःच्या पक्षाच्या प्रशासनाविरुद्ध कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांच्या समर्थकांनी याला तत्त्वनिष्ठा म्हटलं. पण नगरपालिका चालवणाऱ्याला पैशांचा ताळमेळ घालावा लागतो, एकट्या विरोधी खासदाराला नाही. त्यांच्या कारकिर्दीत त्यांनी कधीच सत्तेचा कारभार पाहिला नाही, हे विसरून त्यांची तुलना मंत्र्यांशी करणं दोन्हीकडून अन्यायाचं आहे.

त्यांच्यावरची टीका इथेच संपत नाही. ग्रीन पक्षाप्रमाणे त्यांचाही अणुविजेला विरोध होता, आणि कार्बन कमी करायचा तर हा विरोध परवडणारा नाही असं म्हणणारे हवामानतज्ज्ञ कमी नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रेक्झिटची कोंडी फोडण्यासाठी त्यांनी फक्त स्त्रियांचं आणीबाणीचं मंत्रिमंडळ सुचवलं. यादीतल्या सगळ्या स्त्रिया गोऱ्या निघाल्या आणि त्यांना माफी मागावी लागली.

हिशेब

या चौदा वर्षांत ब्रिटनच्या कर्बउत्सर्जनात सर्वांत मोठी घट कशामुळे झाली? कोळसा बंद झाल्यामुळे. २०१२ मध्ये ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशावर होत होती. शेवटचं कोळसा वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. यामागे २०१३ पासून कार्बनवर लावलेली किमान किंमत, समुद्रातल्या पवनचक्क्या आणि युरोपीय नियम होते. हे निर्णय मजूर, हुजूर आणि हुजूर-लिबरल डेमोक्रॅट आघाडीच्या सरकारांचे. शून्य उत्सर्जनाचं २०५० चं लक्ष्य कायद्यात घातलं तेही २०१९ मध्ये हुजूर पक्षाच्या थेरेसा मे यांनी. लुकास यांचं म्हणणं होतं की ते लक्ष्य फार उशिराचं आहे.

म्हणून कुणी विचारलं की लुकास यांनी कोणता कायदा केला, तर कॉमन्समधल्या चौदा वर्षांचं उत्तर ‘एकही नाही’ असंच द्यावं लागेल. पण सरकार जे काही करेल त्याहून पुढची मागणी आधीच सभागृहाच्या नोंदीत असणं, आणि ती मांडणारी व्यक्ती हास्यास्पद नव्हे तर अभ्यासू म्हणून ओळखली जाणं, याने मोठ्या पक्षांचा धीर वाढतो. हे मोजता येत नाही, म्हणून मी ते फुगवून सांगणार नाही. एक मोजता येण्याजोगी गोष्ट आहे: शाळेत दहावीच्या पातळीवर निसर्ग-इतिहास हा स्वतंत्र विषय असावा यासाठी त्यांनी लेखिका मेरी कोलवेल यांच्याबरोबर पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये सरकारने तो जाहीर केला. नंतर तोही रेंगाळला.

निवडणूक पद्धत बदलण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. २०११ च्या सार्वमतात मतदारांपुढे पसंतीक्रमाने मतदान करण्याचा एकच पर्याय ठेवला होता. त्यात प्रमाणशीर पद्धतीचाही पर्याय असावा अशी लुकास यांची दुरुस्ती सभागृहाने प्रचंड फरकाने फेटाळली. पुढे सार्वमतात तो एकमेव पर्यायही जवळपास ६८ टक्के लोकांनी नाकारला.

८ जून २०२३ रोजी त्यांनी पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं. कारण विचार करण्यासारखं आहे. मतदारसंघाची कामं आणि पक्षाची एकुलती एक खासदार म्हणून अंगावर पडलेली प्रत्येक विषयाची जबाबदारी, यातून हवामान आणि निसर्गाच्या संकटाला हवा तेवढा वेळच देता येत नाही, असं त्यांनी मतदारांना लिहिलं. ज्या कामासाठी संसदेत गेल्या, संसदेमुळेच त्या कामाला वेळ उरला नाही. भाडेकरूंचे प्रश्न, दवाखान्यातल्या रांगा, व्हिसाचे अर्ज हे टाळता येत नाहीत, कारण पुढची निवडणूक त्यावर ठरते. आणि प्रत्येक विषयावर पक्षाचं मत सांगायला दुसरं कुणीच नसतं.

४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत ग्रीन पार्टीचे चार खासदार निवडून आले. ब्रायटन पॅव्हिलियनमधून शान बेरी, ब्रिस्टल सेंट्रलमधून कार्ला डेनियर, वेव्हनी व्हॅलीतून एड्रियन रॅमसे आणि नॉर्थ हेरफर्डशायरमधून एली चाउन्स. शेवटचे दोन मतदारसंघ ग्रामीण, तोवर हुजूर पक्षाकडे असलेल्या भागातले. आता विषय वाटून घेता येतात, हा मोठाच फरक. देशभरात ग्रीन पक्षांना मिळून ६.७ टक्के मतं पडली होती. मतांच्या प्रमाणात मोजलं असतं तर खासदार चाळीसच्या वर गेले असते. त्याच रात्री मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या, आणि निवडणूक पद्धत बदलण्याचा विषय त्यांच्या सरकारच्या कार्यक्रमात नाही.